जुन्या गाडीला एचएसआरपी: आधी नोंद जुळवा, मग पाटी बसवा

एचएसआरपीचं, म्हणजे गाडीच्या हाय सिक्युरिटी नंबरपाटीचं, बुकिंग बहुतेक वेळा ‘तपशील जुळत नाहीत’ या एका ओळीवर अडतं. लोक साइट खराब आहे म्हणून सोडून देतात, नाहीतर आरटीओबाहेरच्या एजंटाला वरचे पैसे देतात. तोही तेच आकडे टाकतो आणि त्यालाही तीच ओळ दिसते. गाडीवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीतली नोंद यांत कुठेतरी फरक असतो. तो न काढता कितीही वेळा बटण दाबलं तरी काही होत नाही.

हा लेख महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांसाठी आहे. त्यानंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी विक्रेत्याकडूनच लागून येते. तुमच्या गाडीला ती आली नसेल तर आधी शोरूमला विचारा. जुन्या गाड्यांची पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. आजची स्थिती परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच पाहा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका. पाटी नसलेल्या गाडीची हस्तांतरण, पत्ताबदल, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं अशी आरटीओतली कामं अडतात. दंडाचा प्रश्न त्याहून वेगळा.

आणखी एक गैरसमज इथेच संपवू. या पाटीत चिप नसते, जीपीएस नसतो. कुणी तुमच्या मागावर राहत नाही. पाटीवर लेझरने कोरलेला एक क्रमांक असतो आणि तो ‘वाहन’मध्ये तुमच्या चासी व इंजिन नंबराशी बांधला जातो. रेडिओ लहरींनी ओळख सांगणारी चिप असते ती फास्टॅगमध्ये. रस्त्यावरचे कॅमेरे पाटीवरची अक्षरं वाचतात. या तिन्हींनी एकाच गाडीचं नाव सांगितलं पाहिजे, म्हणजे चलान ज्याचं त्यालाच जातं.

## टप्पा १: आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवा

बुकिंग रात्री सोफ्यावर बसून करायचं असलं तरी ही तयारी गाडीजवळ उभं राहूनच करा.

आरसी हातात घ्या आणि चासी नंबर गाडीवर प्रत्यक्ष शोधा. मोटरसायकलला तो सहसा हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवून उजव्या बाजूने टॉर्च मारला की दिसतो. चारचाकीत मॉडेलप्रमाणे जागा बदलते: बॉनेटखाली, पुढच्या सीटखालच्या गालिच्याआड किंवा काचेच्या कडेला. गंज आणि ग्रीस असेल तर रॉकेलचा बोळा फिरवा. आकडे तरीही नीट लागत नसतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. अक्षरं उमटतात, आणि आरटीओत पुढे चासी प्रिंट मागितली तर तीही हाताशी राहते.

पोर्टल चासी आणि इंजिन नंबरांचे शेवटचे पाच अंक विचारतं. सगळ्यात जास्त चुका याच दोन चौकटींत होतात:

- शून्य आहे की इंग्रजी ओ? सतरा अक्षरी चासी नंबरात ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत असा संकेत आहे. तिथे गोल दिसला की शून्य समजा, उभी रेघ दिसली की एक. इंजिन नंबराला मात्र हा संकेत लागू नाही.
- आरसीच्या स्मार्ट कार्डावरची छपाई पुसट झालेली असते. आठ आणि तीन, पाच आणि सहा यांत फसायला होतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली आरसी उघडून ताडून पाहा.
- गाडीचा नंबर भरताना शेवटचा भाग चार आकडीच भरा. नंबर ४५ असेल तर ००४५. जिल्ह्याचा आकडाही दोन अंकी, म्हणजे एमएच ०९, नुसतं ९ नाही.

तपासा: गाडीवरचा चासी नंबर, हातातली आरसी आणि डिजिलॉकरमधली आरसी तिन्ही अक्षरन् अक्षर सारखी आहेत का? आहेत, तर टप्पा ३ वर जा. नाहीत, तर पुढचा टप्पा वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

## टप्पा २: ‘वाहन’मधली नोंद सरळ करा

या टप्प्याला लोक कंटाळतात, आणि पुढे सगळ्यात जास्त हेलपाटे याच्यामुळेच पडतात.

नोंदच सापडत नाही. कागदी आरसी पुस्तकाच्या काळातल्या काही गाड्या संगणकीय नोंदीत आलेल्याच नाहीत. ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे मूळ आरसी घेऊन जा आणि ‘बॅकलॉग एंट्री’ करायची आहे असं सांगा. हाच शब्द वापरा, योग्य खिडकी लगेच मिळते.

इंजिन बदललेलं आहे. पूर्वीच्या मालकाने किंवा गॅरेजवाल्याने इंजिन बदललं आणि आरसीवर चढवलं नाही, असं सर्रास आढळतं. आरसीवरचा जुना नंबर टाकून बुकिंग होईल, पाटीही लागेल. पण ती पाटी अशा इंजिनाशी बांधली जाईल जे गाडीत नाहीच. उद्या अपघात झाला किंवा गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच काढतो. आधी इंजिनबदलाची नोंद करून घ्या.

गाडी अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. सेकंडहँड गाडी घेतली, हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, कागद ड्रॉवरमध्ये पडून राहिले. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. वडिलांच्या नावावरची गाडी त्यांच्या पश्चात वापरात असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. इथे एक पेच आहे: एचएसआरपीशिवाय हस्तांतरण अडतं, म्हणून अशा वेळी पाटी आधी आणि हस्तांतरण नंतर असा क्रम घ्यावा लागतो. पण पाटी लागली म्हणजे काम झालं असं समजून हस्तांतरण तसंच ठेवू नका. चलान आणि अपघाताची नोटीस आरसीवरच्या नावालाच जाते.

नोंदणीची मुदत संपली आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे चालवायची तर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नूतनीकरण करायचं. गाडी भंगारात काढायचा विचार असेल तर आधी तो निर्णय घ्या, नाहीतर पाटीचे पैसे वाया जातील.

मोबाइल नंबर जुना आहे. पाटीच्या बुकिंगला तुम्ही चालू नंबर देता, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. पण ई-चलानचा एसएमएस ‘वाहन’मधल्या नंबरावर जातो. परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर अद्ययावत करण्याची सोय आहे. नोंदणीची तारीख, चासी आणि इंजिन नंबर हाताशी ठेवा. चलानं वर्षभर साचून एकदम कळण्यापेक्षा ही दहा मिनिटं बरी.

## टप्पा ३: बुकिंग, आणि तेही एकाच दारातून

राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम दिलं आहे: रोझमेर्टा सेफ्टी सिस्टिम्स, रिअल मेझॉन इंडिया आणि एफटीए एचएसआरपी सोल्युशन्स. तुमच्या आरटीओला कोणती कंपनी लागू आहे हे पाठ करायची गरज नाही. ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करा, एचएसआरपीचा दुवा उघडा, कार्यालय निवडा. ते पान तुम्हाला योग्य कंपनीकडे नेतं.

इशारा: गुगलवर ‘एचएसआरपी बुकिंग’ शोधून पहिला दुवा दाबू नका. हुबेहूब दिसणारी बनावट पानं आहेत. ती नंबर, चासी, मोबाइल सगळं घेतात, पैसेही घेतात, पाटी मात्र कधीच येत नाही.

कार्यालय निवडताना गाडी सध्या कुठे उभी असते याचा विचार करा. एमएच ३१ ची गाडी पुण्यात वापरत असाल तर पैसे भरण्याआधी पडद्यावर फिटमेंट सेंटरचा, म्हणजे पाटी बसवण्याच्या केंद्राचा, पत्ता वाचा. पाटीसाठी नागपूरला जायची वेळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळ्यांनी पत्ता पावतीवरच पहिल्यांदा वाचला होता.

दर ठरलेले आहेत आणि तिन्ही कंपन्यांचे सारखेच आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी:

- दुचाकी आणि ट्रॅक्टर: ४५० रुपये, करासह ५३१
- तीनचाकी: ५०० रुपये, करासह ५९०
- बाकी सगळ्या गाड्या: ७४५ रुपये, करासह ८७९ रुपये १० पैसे

यातच दोन्ही पाट्या, स्नॅप लॉक (एकदा दाबला की न उघडणारा लॉक) आणि बसवणं येतं. घरी येऊन बसवून घ्यायचं असेल तर त्याचा जादा आकार वेगळा, आणि तोही ऑनलाइनच भरायचा. केंद्रावर ‘क्लिपचे शंभर’, ‘फ्रेमचे दोनशे’ असं कुणी मागितलं तर पावती मागा. विषय बहुधा तिथेच संपतो.

बुकिंगमध्ये इंधन आणि गाडीचा प्रकार नीट पाहा. खासगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरं काळी. भाड्याच्या गाडीची पिवळी, अक्षरं काळी. विजेवरच्या गाडीची हिरवी; खासगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. टॅक्सीतून खासगीत बदललेल्या गाडीची ‘वाहन’मधली नोंद जुनीच राहिली असेल तर पिवळी पाटी तयार होऊन येते.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. गाडीचा नंबर टाकून ऑर्डरची स्थिती पाहा. बँकेच्या एसएमएसचा आणि पोर्टलच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, मग तक्रार करा. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हे पाटी मिळवण्यापेक्षा मोठं काम आहे.

## टप्पा ४: केंद्रावर जाण्याच्या आदल्या दिवशी

पाटी तयार असल्याचा संदेश आला आहे का ते पाहा. नुसती तारीख आली म्हणून निघू नका. सोबत मूळ आरसी, बुकिंगची पावती आणि तोच मोबाइल घ्या.

गाडी धुवा. हे दिसण्यासाठी नाही. पाटीची जागा चिखलाने आणि जुन्या रिव्हेटने माखलेली असेल तर नवी पाटी तिरकी बसते. जुन्या स्कूटरच्या पुढच्या मडगार्डवरची पट्टी वाकलेली असेल, बंपरची भोकं फाटलेली असतील, तर गॅरेजमधून आधी ठीक करून घ्या. केंद्रावरच्या पोराकडे ड्रिल असतं, पत्रा सरळ करायला वेळ नसतो. बाजारू क्रॅश गार्ड पाटी झाकत असेल तर तोही काढून टाका.

## टप्पा ५: बसवताना समोर उभे राहा

चहा प्यायला जाऊ नका. पाटी हातात घेऊन बघायच्या गोष्टी बसवण्याआधीच बघायच्या, कारण लॉक दाबला की पाटी तोडल्याशिवाय निघत नाही.

पाटी एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनिअमची असते. वर डाव्या बाजूला अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम. तो नुसता चिकटवलेला स्टिकर नसतो, उष्णतेने ठसवलेला असतो. कडेला नख लावून पाहा, उचलला गेला तर पाटी खोटी. त्याखाली निळ्या रंगात ‘इंड’ ही इंग्रजी अक्षरं. खाली डावीकडे लेझरने कोरलेला क्रमांक. तो बारीक असतो, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा आणि फोटो काढून ठेवा. नंबराच्या उठावदार काळ्या अक्षरांवर तिरकस बारीक ‘इंडिया’ छापलेलं दिसतं.

पुढच्या आणि मागच्या पाटीचे लेझर क्रमांक वेगवेगळे असतात. ते सारखे दिसले तर काहीतरी गडबड आहे. बसवणारा माणूस दोन्ही क्रमांक गाडीच्या नोंदीशी जोडतो. घाईत पुढचा मागे आणि मागचा पुढे लावला जातो. तुमच्याकडे फोटो असतील तर हे लगेच धरता येतं.

मग लॉक. पाटी, विशेषतः मागची, स्नॅप लॉकनेच बसली पाहिजे. तो दाबला की कट्ट असा आवाज होतो आणि डोकं पुन्हा फिरत नाही. ‘लॉक संपलेत, तात्पुरता स्क्रू मारतो’ हे ऐकून घेऊ नका. स्क्रूने लावलेली पाटी कुणीही दोन मिनिटांत काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतं, आणि तेच टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

चारचाकीला तिसरी वस्तू मिळते: काचेवर आतून लावायचा होलोग्रामचा स्टिकर, १०० बाय ६० मिलिमीटर. जागा पुढच्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, इतरांना राखाडी. त्यावर गाडीचा नंबर, नोंदणी कार्यालय, लेझर क्रमांक, चासी आणि इंजिन नंबर असतात. तो काढायला गेलं की फाटतो, म्हणून काच आधी कोरडी पुसा आणि एकदाच नीट लावा. कितीतरी गाड्यांत हा स्टिकर डॅशबोर्डच्या खणात पावतीसोबत पडलेला असतो. तिथे त्याचा कुणालाच उपयोग नाही.

जुनी पाटी तिथेच वाकवून किंवा कापून घ्या. ती भंगारात सरळ गेली तर तुमचा नंबर कुणाच्याही हाती लागू शकतो.

तपासा: निघण्यापूर्वी हे फोटो घ्या. पुढची पाटी, मागची पाटी, दोन्ही लेझर क्रमांक, काचेवरचा स्टिकर.

## टप्पा ६: नोंद चढली का ते पाहा

पाटी गाडीवर दिसते म्हणजे प्रक्रिया संपली, असं नाही. केंद्राने ‘वाहन’मध्ये नोंद पूर्ण केली नाही तर आरटीओच्या खिडकीवर तुमची गाडी अजून ‘एचएसआरपी नाही’ अशीच दिसते. काही दिवसांनी पोर्टलवर ऑर्डरची स्थिती आणि ‘वाहन’मधले तपशील पाहा. चढलं नसेल तर फोटो आणि पावतीसह कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. काही हललं नाही तर आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नंतर पाटीवर काहीही करू नका. प्लॅस्टिकची फ्रेम नको, रेडियमची पट्टी नको, जातीचं-गावाचं नाव नको. देवनागरी आकड्यांची पाटी कितीही आवडली तरी नियमात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच बसतात. कॅमेराही तेवढंच वाचतो.

## टप्पा ७: फास्टॅग त्याच गाडीचा आहे ना?

चारचाकीवाल्यांनी इथे थांबू नये. टोलनाक्यावरचं यंत्र टॅगमधला नंबर वाचतं, कॅमेरा पाटी टिपतो. दोन्ही जुळले नाहीत तर टॅग अडकू शकतो. जुनी गाडी घेताना पूर्वीच्या मालकाचा टॅग काचेवर तसाच राहिला असेल तर त्याला तो बँकेकडून बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा नवा घ्या. एका गाडीला एकच टॅग चालतो.

टॅग काचेच्या आतून, आरशामागे मध्यावर चिकटवा. एचएसआरपीचा स्टिकर कोपऱ्यात, दोन्ही एकमेकांवर नकोत. टॅग हातात धरून दाखवण्याची सवय मोडा. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याची भूमिका राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये घेतली. राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून वैध टॅग नसलेल्या गाडीला रोख भरल्यास दुप्पट आणि यूपीआयने भरल्यास सव्वापट टोल असा नियम लागू झाला.

## टप्पा ८: पुढे काही बिघडलं तर

पाटी मोडली किंवा बंपर बदलला. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना गॅरेजवाल्याला आधीच सांगा की लॉक तोडू नको. तोडावाच लागला तर बदली पाटी मागवा. पुढची किंवा मागची अशी एकच पाटीही मिळते. जुनी जोडाजोड करून स्क्रूने लावू नका.

पाटी हरवली किंवा चोरीला गेली. आधी पोलिसांत तक्रार, मग बदलीचं बुकिंग. तक्रारीची प्रत अपलोड करावी लागते. आणि तक्रारीची तारीख महत्त्वाची: त्या पाटीवर दुसऱ्या कुणी काही केलं तर तुमचा बचाव तोच कागद.

न केलेल्या गुन्ह्याचं चलान आलं. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’च्या ई-चलान पानावर जाऊन चलानातला फोटो उघडा आणि शांतपणे बघा. गाडीचा रंग, मॉडेल, सीट कव्हर, आरसे, पाटीवर डावीकडे होलोग्राम आणि ‘इंड’ दिसतं का. तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर असेल तर यातलं एक तरी चुकतंच. तिथेच तक्रार नोंदवा, सोबत टप्पा ५ मध्ये काढलेले फोटो आणि आरसी जोडा. त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याची टोलची पावती किंवा सोसायटीच्या गेटवरची नोंद असेल तर तीही जोडा. नंबर सरळसरळ नक्कल झालाय असं दिसलं तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ‘जाऊ दे, पाचशेच आहेत’ म्हणून भरून टाकू नका. भरलं म्हणजे कबूल केलं, आणि त्याच नंबरावर पुढची चलानं येत राहतात.

गाडी विकली. पाटी आणि स्टिकर गाडीसोबतच जातात, काढून ठेवायचे नाहीत. फास्टॅग मात्र त्याच दिवशी बंद करा. फॉर्म २९ आरटीओत दिल्याची पोच स्वतःजवळ ठेवा, आणि महिनाभराने एमपरिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहा. बदललेलं नसेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि आरटीओलाही लेखी कळवा.